‘बहुता’ लोपत आहे : वनौषधींची लाल यादी आणि वैद्यवर्गाचे कर्तव्य

चिकित्सेच्या चार पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी द्रव्य या पादाचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. विद्यार्थिदशेत हे गुण आपण सर्वांनीच मुखोद्गत केलेले असतात. पुढे व्यवसायात पडल्यावर योग्यत्वाची चर्चा आपण रोज करतो, कल्पनांवर परिसंवाद भरवतो, संपत् तपासण्यासाठी प्रयोगशाळांचे साहाय्य घेतो. ‘बहुता’ हा पहिला गुण मात्र जणू आपोआप सिद्ध असल्यासारखा गृहीत धरला जातो. द्रव्य विपुल असले पाहिजे, कारण उत्तम गुणांचे द्रव्यही रुग्णापर्यंत पोहोचले नाही तर त्याचा चिकित्सेस उपयोग नाही, हा त्यातील सरळ अर्थ. आचार्यांनी या गुणास आरंभीचे स्थान दिले, आणि आज नेमका तोच गुण डळमळीत झालेला आहे. म्हणूनच वनस्पतिशास्त्रज्ञांचा म्हणून आपण बाजूला ठेवलेला एक विषय आम्ही या अंकात वैद्यवर्गासमोर मांडीत आहोत. तो विषय म्हणजे वन्य औषधी वनस्पती नामशेष होण्याचा धोका कसा मोजला जातो, आणि त्या मोजणीत आपले स्थान कोणते.

आरंभ एका परदेशातील उदाहरणाने करू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१४ साली युरोप खंडातील औषधी वनस्पतींची लाल यादी प्रसिद्ध केली. युरोपात वापरात असलेल्या ४०० वनस्पतींचे एकाच मापाने, संपूर्ण खंडाच्या पातळीवर मूल्यमापन करण्यात आले. त्यापैकी २.४ टक्के वनस्पती युरोपात नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचा निष्कर्ष निघाला. आकडा पाहून कोणासही हायसे वाटेल. परंतु त्याच अहवालात असेही नमूद आहे की, मूल्यमापन झालेल्या वनस्पतींपैकी सुमारे एक तृतीयांश वनस्पतींची संख्या घटत चालली आहे. म्हणजे आज धोक्याच्या रेषेच्या आत थोड्याच आहेत, पण रेषेकडे चालत निघालेल्या पुष्कळ आहेत. निदानपंचकाच्या भाषेत बोलायचे तर रूप थोड्यांत प्रकट झाले आहे, पूर्वरूप मात्र अनेकांत दिसते आहे. पूर्वरूपाकडे दुर्लक्ष करणारा वैद्य कसा ठरतो हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

युरोपात वनौषधींचे महत्त्व ते काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार युरोपच्या बाजारात सुमारे २,००० औषधी व सुगंधी वनस्पतींचा व्यापार होत होता आणि त्यांपैकी १,२०० ते १,३०० तेथील मूळच्या होत्या. त्यांतील बहुसंख्य जाती शेतात नव्हे, तर रानातूनच गोळा केल्या जात. प्रगत शेती आणि प्रगत औषधउद्योग असलेल्या खंडाची ही स्थिती आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता हे मूल्यमापन होते कसे ते संक्षेपाने पाहू. लाल यादी म्हणजे दुर्मिळ वनस्पतींची एखाद्या अभ्यासकाने आपल्या अंदाजाने केलेली टिपणी नव्हे. पूर्वी तसे काही प्रमाणात होते; परंतु १९९४ साली संघाने संख्यात्मक निकष स्वीकारले आणि २००१ साली त्यांची सुधारित आवृत्ती काढली. निकष पाच आहेत. संख्येतील घट किती, आढळाचे क्षेत्र किती आक्रसले, एकूण प्रौढ झाडे किती उरली व ती कमी होत आहेत काय, संख्या मुळातच अत्यल्प आहे काय, आणि गणिती पद्धतीने नाशाची शक्यता किती निघते, असे हे पाच प्रश्न. पहिलाच निकष घेतला तर, १० वर्षे किंवा त्या जातीच्या तीन पिढ्या यांपैकी जो काळ मोठा असेल त्या काळात संख्या ३० टक्क्यांनी घटली असता ती जाती ‘असुरक्षित’, ५० टक्क्यांनी घटली असता ‘संकटग्रस्त’ आणि ८० टक्क्यांनी घटली असता ‘अतिसंकटग्रस्त’ गणली जाते. घटीची कारणे समजलेली असून ती थांबलेली असतील तर या मर्यादा काहीशा शिथिल होतात. पाचांपैकी कोणताही एक निकष पूर्ण झाला तरी जाती त्या वर्गात जाते.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे पिढीचा हिशेब. एखाद्या वनस्पतीची पिढी १० वर्षांची धरली तर तिची घट ३० वर्षांच्या अवधीत मोजावी लागते. सावकाश वाढणाऱ्या कंदांचे, मुळांचे आणि वृक्षांचे नुकसान आपल्या डोळ्यांना वर्षावर्षाने दिसत नाही, याचे कारण हेच. दुसरी गोष्ट ‘माहिती अपुरी’ या वर्गाची. या वर्गात पडलेली वनस्पती सुरक्षित आहे असा समज अनेकांचा होतो. वस्तुतः तिच्याविषयी निर्णय देण्याइतके कोणासच काही ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. नाडी पाहिली नाही म्हणून ज्वर नाही असे म्हणता येत नाही.

खंडाच्या पातळीवरील मोजणीचे आणखी एक मर्म आहे. अर्निका ही युरोपीय चिकित्सकांची आवडती वनस्पती खंडाच्या यादीत ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. पण तिची संख्या घटती असून, अनेक देशांच्या स्वतंत्र याद्यांत ती धोक्यात असल्याचे नोंदलेले आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. एखाद्या प्रदेशातून वनस्पती नाहीशी झाली तरी शेजारच्या प्रदेशातून बी येऊन ती पुन्हा रुजण्याची शक्यता असते, आणि तशी शक्यता असल्यास प्रादेशिक मूल्यमापनात धोक्याचा वर्ग एक पायरी सौम्य करण्याची मुभा नियमांत आहे. देशाच्या सीमा वनस्पतींना कळत नाहीत. आपली जटामांसी भारत, नेपाळ, भूतान आणि चीन या चारही देशांत वाढते. गुग्गुळ राजस्थान-गुजरातप्रमाणेच पाकिस्तानातही होतो. तेव्हा आपल्या प्रांताची यादी आवश्यक आहेच, पण ती पुरेशी नाही.

मग आपल्या औषधींचे काय? संघाच्या जागतिक लाल यादीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनांनुसार जटामांसी, गुग्गुळ आणि कुष्ठ ही तिन्ही द्रव्ये ‘अतिसंकटग्रस्त’ आहेत आणि अतिविषा ‘संकटग्रस्त’ आहे. अशोक १९९८ सालीच ‘असुरक्षित’ ठरविण्यात आला होता. ही नावे वाचताना प्रत्येक वैद्याच्या डोळ्यांसमोर आपल्या औषधालयातील फळी उभी राहील. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, अशोकारिष्ट, बालचातुर्भद्र ही काही क्वचित वापरायची औषधे नव्हेत. सामान्य प्रपंचातल्या रुग्णाला रोज दिली जाणारी ही औषधे आहेत आणि त्यांतील मुख्य घटक रानातून संपत चालले आहेत.

मागणीची बाजूही पाहिली पाहिजे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या वतीने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात १,१७८ औषधी वनस्पतींचा व्यापार होत असल्याचे आढळले. त्यांपैकी २४२ वनस्पतींची उलाढाल प्रत्येकी वर्षाला १०० मेट्रिक टनांहून अधिक होती. २०१४-१५ या वर्षातील एकूण वापर सुमारे ५,१२,००० मेट्रिक टन इतका अंदाजिला गेला. त्यापूर्वीच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा मोठ्या उलाढालीच्या वनस्पती १७८ होत्या आणि त्यांपैकी प्रामुख्याने लागवडीतून येणाऱ्या अवघ्या ३६ होत्या. उरलेल्या बहुतेक रानातून, माळावरून, रस्त्याकडेच्या पडीतून येत होत्या. आपण ज्यास ‘आयुर्वेदाचा प्रसार’ म्हणून अभिमानाने मिरवतो, त्याचा भार कोणावर पडतो आहे हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

मात्र भार सर्वांवर सारखा पडत नाही, आणि हा भेद वैद्यास सर्वांत चांगला समजू शकतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागातील महादेव कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करून विकीत आला आहे. फळ घेतल्याने वृक्ष मरत नाही. पान घेतल्यानेही, मर्यादा पाळली तर, सहसा मरत नाही. पण मूळ, कंद, साल आणि निर्यास यांची गोष्ट वेगळी. जटामांसीचे मूलकांड उपटले की ते झाड संपले. अशोकाची साल खोडाभोवती सर्व बाजूंनी काढली की वृक्ष वाळतो. अधिक निर्यासाच्या लोभाने गुग्गुळाच्या झुडपास खोल व अवेळी चिरा दिल्या की ते मरते. दशमुळातील बृहत्पंचमूळ तर पाच वृक्षांच्या मुळांचे आहे. बेल, शिवण, टेटू, पाडळ आणि ऐरण यांची मुळे ज्या प्रमाणात आज बाजारात येतात, त्या प्रमाणात ती झाडे न तोडता कशी येत असतील, हा प्रश्न आपण विचारीत नाही. वनस्पतीचे कोणते अंग घेतले जाते यावर तिचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून असते. ‘प्रयोज्यांग’ हा शब्द आपल्या प्रत्येक द्रव्यगुण-ग्रंथात आहे. त्याचा हा दुसरा अर्थही आता शिकविला गेला पाहिजे.

परदेशी मागणी आली की काय होते याची दोन उदाहरणे महाराष्ट्राला जवळची आहेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा आपला अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्यानंतर मुळांची मागणी इतकी वाढली की पुढे, १९९० साली, सर्पगंधेचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला. दुसरे उदाहरण सह्याद्रीतील नरक्याचे. कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन त्यात सापडते असे कळल्यावर आपल्या घाटमाथ्यावरील जंगलांतून त्याची बेसुमार तोड आणि चोरटी वाहतूक झाली. ज्या वनस्पतीकडे काल कोणी पाहत नव्हते, ती एका शोधनिबंधानंतर संकटात सापडू शकते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. लाल यादी ही परकीय फुटपट्टी असून तिचा शेवट बंदीत होतो, आणि बंदीचा फटका प्रामाणिक वैद्यास व रानातील गरीब संग्राहकास बसतो, असे आमचे काही ज्येष्ठ स्नेही म्हणतात. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. नियमांचा जाच होतो हे खरे आहे. तथापि, धोका मोजणे आणि बंदी घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लाल यादी स्वतः कशावरही बंदी घालीत नाही. ती केवळ स्थिती सांगते. कुष्ठाचे उदाहरण घ्यावे. १९८५ पासून कुष्ठ साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातील कुष्ठाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. तरीही औषधासाठी कुष्ठ मिळते, कारण लाहौलच्या खोऱ्यात त्याची लागवड फार पूर्वीपासून होत आली आहे. लागवड असल्यामुळे औषधाची परंपरा टिकली. आणि रानातील कुष्ठ आजही अतिसंकटग्रस्तच आहे, यावरून हेही दिसते की केवळ लागवड झाली म्हणजे रान आपोआप सावरत नाही. संग्राहकाच्या बाबतीत तर बंदीपेक्षा टंचाईच अधिक क्रूर असते. वनस्पती संपली की पहिला रोजगार त्याचाच जातो. शहरातील व्यापारी दुसऱ्या मालाकडे वळतो.

आणि ही फुटपट्टी खरोखर परकीय आहे काय? सोळाव्या शतकात भावमिश्रांनी अष्टवर्गातील आठ द्रव्ये राजांनाही दुर्लभ झाल्याचे नोंदवून त्यांचे प्रतिनिधी सांगितले : मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा आणि ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराही. दुर्लभतेची नोंद करणे आणि तिच्यावर शास्त्रशुद्ध तोड काढणे, ही आपल्याच परंपरेतील गोष्ट आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे वर्णन करताना पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींची तजवीज करावी. संकटाची लक्षणे आधी ओळखावी आणि मग उपाय योजावा, हाच तेथील उपदेश. लाल यादीचे कार्य याहून वेगळे नाही.

मात्र भावमिश्रांचा मार्ग आणि आजचा बाजार यांत एक मोठे अंतर आहे. त्यांनी प्रतिनिधी उघडपणे सांगितला, नावानिशी सांगितला. आज प्रतिनिधी गुपचूप येतो. अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेच्या आसूपालवाची साल मिळते, वावडिंगाच्या नावाखाली दुसरीच फळे येतात. याचा दोष आपण नेहमी व्यापाऱ्याच्या लबाडीवर ढकलतो. लबाडी आहेच; परंतु तिच्या मुळाशी टंचाई आहे. भेसळ हे बाजारात दिसणारे रूप आहे आणि रानातील ऱ्हास हा तिचा हेतू आहे. हेतू न पाहता केवळ भेसळीच्या तक्रारी करणे म्हणजे निदानपरिवर्जन सोडून लक्षणांमागे धावणे होय. शिवाय रुग्णास गुण का आला नाही याचे उत्तर शोधताना आपण मात्रा तपासतो, अनुपान तपासतो, पथ्य विचारतो. द्रव्य मुळात तेच होते काय, हा प्रश्न मात्र राहून जातो.

हा विषय आत्ताच मांडण्यास एक निमित्तही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबुधाबी येथे भरलेल्या संघाच्या जागतिक परिषदेत भारताने आपल्या वनस्पती व प्राणिजातींच्या राष्ट्रीय लाल यादीचा कार्यक्रम जाहीर केला. २०३० पर्यंत सुमारे ११,००० जातींचे मूल्यमापन करण्याचा संकल्प असून त्यांत सुमारे ७,००० वनस्पती असतील. खंडप्राय देशाची अशी एकत्रित मोजणी प्रथमच होऊ घातली आहे. आमचे स्पष्ट मत असे की, व्यापारात असलेल्या औषधी वनस्पतींना, त्यांतही मूळ, कंद, साल व निर्यास यांसाठी घेतल्या जाणाऱ्यांना, या क्रमवारीत अग्रस्थान मिळाले पाहिजे. तसेच १० वर्षांहून जुने मूल्यमापन कालबाह्य समजावे असा संघाचाच संकेत असल्याने जटामांसी, गुग्गुळ, अतिविषा यांसारख्यांची फेरतपासणी आता लांबवू नये.

परंतु मागणी करून थांबणे वैद्यवर्गास शोभणार नाही. मूल्यमापन करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञास रानातील झाडे मोजता येतात. किती माल खपतो, कोणत्या नावाने खपतो आणि कोणता माल मिळेनासा झाला, हे त्यास कळण्याचा मार्ग नसतो. ते आपल्याला कळते. सबब पुढील सूचना संघटनेच्या कार्यकारिणीने विचारात घ्याव्यात, अशी विनंती आहे.

प्रथम, प्रत्येक जिल्हा शाखेतील काही सदस्यांनी निदान एक वर्ष आपल्याकडे येणाऱ्या निवडक २० द्रव्यांची नोंद ठेवावी : किती घेतले, भाव काय, माल कोणत्या भागातून आल्याचे सांगितले गेले आणि ओळख पटली की नाही. दुसरे, औषधनिर्मिती करणाऱ्या सदस्यांनी माल घेताना तो लागवडीतील की रानातील हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आरंभी उत्तर मिळणार नाही. पण विचारणारे वाढले की उत्तर देणारेही तयार होतील. तिसरे, प्रतिनिधी द्रव्यांचा प्रश्न विद्वत्सभेत घ्यावा. बृहत्पंचमुळाच्या मुळांऐवजी त्याच वृक्षांच्या लहान फांद्या वापराव्यात काय, याविषयी मतभेद आहेत. रुग्णांवरील काटेकोर परीक्षणाविना असा बदल स्वीकारू नये असे आमचेही मत आहे; पण परीक्षणच करू नये हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. चौथे, द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी प्रत्येक द्रव्याच्या गुणकर्मांबरोबर त्याची रानातील स्थितीही शिकवावी.

शेवटी एका कायद्याची आठवण करून देणे अगत्याचे वाटते. २००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना राज्य मंडळास पूर्वसूचना देण्याच्या अटीतून सूट मिळाली. या सवलतीचे आपल्या अनेक सभांतून स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र समाजाने वैद्यावर विश्वास टाकून त्यास हिशेब मागितला नाही, म्हणून हिशेब ठेवण्याचे कारण उरले नाही असा अर्थ कोणी काढू नये. उलट, ज्यास कोणी विचारणार नाही त्यानेच स्वतःस विचारावयाचे असते. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी या चार पादांपैकी भिषक् प्रधान मानला आहे. द्रव्याची बहुता टिकविण्याचे उत्तरदायित्वही त्या प्राधान्याबरोबरच येते. राष्ट्रीय लाल यादीचे काम चालू असेतोवर आपल्या संघटनेकडून नोंदींची पहिली वही संबंधितांकडे पोहोचावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही हा विषय सदस्यांच्या विचारार्थ सोपवितो.